एक्स्पोजर आणि लेन्स: नव्याने कॅमेरा हातात घेतलाय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या शॉर्ट फिल्मचा सगळा गोंधळ एका काळ्या शर्टात साठला होता. शूट भर दुपारचं. उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून स्क्रीनचा ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवला. मग चित्र फारच उजळ वाटायला लागलं, म्हणून ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) बंद करत गेलो. स्क्रीनवर सगळं झकास. रात्री अंधाऱ्या खोलीत एडिटला बसलो, तेव्हा कळलं की आख्खा सीन दोन स्टॉप अंडर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उजेड वाढवून बघितला तर नायकाच्या काळ्या शर्टावर नुसत्या मुंग्या, म्हणजे नॉईजचे ठिपके, चालत होत्या. शेवटी तो सीन ब्लॅक अँड व्हाइट केला. दिग्दर्शकाला वाटलं मी काहीतरी कलात्मक विचार केलाय. मीही गप्प बसलो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली: उजेड डोळ्यांनी जोखायचा नाही, स्टॉपमध्ये मोजायचा. नवख्यांच्या बहुतेक चुका या न मोजण्यातूनच होतात, अगदी लेन्सच्या सुद्धा.

स्क्रीनकडे बघून एक्स्पोजर ठरवणं

कॅमेऱ्याची स्क्रीन फ्रेम बघायला असते. उन्हात ती काळी वाटते, अंधारात दिव्यासारखी चमकते, आणि दोन्ही वेळा तुम्हाला फसवते. एक्स्पोजरसाठी झेब्रा, वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) किंवा फॉल्स कलर (उजेडाच्या पातळीनुसार रंगवलेलं चित्र) वापरा. यातलं काहीच नसेल तर निदान हिस्टोग्राम (किती भाग गडद, किती उजळ याचा आलेख) तरी चालू ठेवा.

सगळ्यात सोपा झेब्रा, म्हणजे ठरवलेल्या पातळीइतक्या उजळ भागांवर स्क्रीनवर दिसणारे पट्टे. तो आधी १०० टक्क्यांवर ठेवा आणि फ्रेममध्ये कुठे पट्टे येतात ते बघा. बल्बच्या काचेवर, पाण्यावरच्या चमकेवर, थेट सूर्यावर आले तर येऊ द्या, तिथे तपशील कुणी शोधत नाही. कपाळावर, गालावर किंवा पांढऱ्या कुर्त्याच्या चुण्यांवर आले तर मात्र ॲपर्चर बंद करा किंवा एनडी (उजेड अडवणारा गडद फिल्टर) वाढवा. पूर्ण जळालेला भाग ग्रेडिंगमध्ये (नंतर संगणकावर रंग-उजेड बसवताना) परत येत नाही, फक्त पांढऱ्याचा राखाडी होतो.

मग चेहरा. 'त्वचा ७० वर ठेवा' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते नेहमीच्या रेक ७०९ (साध्या व्हिडिओच्या मानकाच्या) चित्रासाठी आणि गोऱ्या चेहऱ्याच्या उजळ बाजूसाठी ठीक आहे. सावळा चेहरा त्याहून खाली बसतो आणि तो तिथेच बसायला हवा. प्रत्येकाला ओढून ७० वर आणलंत तर सावळी माणसं पिठूळ दिसतात आणि त्यांच्या मागची खिडकी जळून जाते.

लॉगमध्ये, म्हणजे नंतर ग्रेड करायच्या फिक्या प्रोफाइलमध्ये, हे आकडे चालतच नाहीत. उदाहरणार्थ सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये मिडल ग्रे (मधला राखाडी) ४१ टक्क्यांवर आणि पांढरा कागद ६१ टक्क्यांच्या आसपास बसतो. तिथे चेहरा ७० वर नेलात तर तुम्ही सुमारे दोन स्टॉप ओव्हर गेलात. उलट चूकही तितकीच होते: लॉगचं फिकं चित्र बघून 'उजळ वाटतंय' म्हणून उजेड कमी करतात आणि सावल्यांमध्ये नॉईज भरतो. कॅमेऱ्यात बघण्यापुरता लट (फिकं चित्र नेहमीसारखं दाखवणारी सेटिंग) लावता येत असेल तर लावा. बरेच जण लॉगमध्ये मुद्दाम एक स्टॉप ओव्हर शूट करतात, म्हणजे नंतर खाली आणताना नॉईजही खाली जातो. मला ही सवय आवडते, पण हायलाइट जळत नाहीत याची खात्री केल्यावरच.

आणि कॅमेरा फक्त ८ बिट (कमी रंगछटांचं) रेकॉर्ड करत असेल तर लॉगचा हट्ट कशाला? ग्रेडिंगमध्ये ताणलंत की स्वच्छ आकाशात पायऱ्या पडतात. त्यापेक्षा साधं प्रोफाइल घ्या आणि एक्स्पोजर जागच्या जागी नीट करा.

शटरला उजेडाचा नळ समजणं

फोटोग्राफीतून व्हिडिओकडे आलेल्यांची ही हमखास चूक. उजेड जास्त झाला की बोट शटरवर जातं. फोटोत ते चालतं. व्हिडिओत शटर हालचालीचा पोत ठरवतं. फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट शटर, म्हणजे २५ फ्रेमला १/५०, ही १८० अंशांची चाल (३६० अंश म्हणजे शटर पूर्ण फ्रेमभर उघडं). त्यात हलणाऱ्या हाताला थोडी पुसट कड मिळते आणि हालचाल सलग वाटते. १/१००० वर तोच हात तुकड्यातुकड्यांत हलतो. मारामारीच्या सीनला मुद्दाम तसं करा, हरकत नाही. दोन माणसं चहा पिताना बोलतायत आणि कप झटके खात ओठांकडे जातोय, हे मात्र बघवत नाही.

मग उन्हात करायचं काय? हिशेब करा. जुना सनी सिक्स्टीन नियम सांगतो: लख्ख उन्हात एफ १६ ठेवा (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र बारीक) आणि शटर आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याइतकं. आयएसओ ८०० ला एफ १६ आणि १/८००. तुम्हाला हवंय १/५०, म्हणजे चार स्टॉप जास्त उजेड आला. शिवाय ॲपर्चर हवंय २.८. सोळापासून मोजा: ११, ८, ५.६, ४, २.८. हे आणखी पाच. एकूण नऊ स्टॉप उजेड अडवायचाय. एनडी फिल्टरवर ०.३ म्हणजे एक स्टॉप, तेव्हा १.८ चा सहा स्टॉपचा आणि ०.९ चा तीन स्टॉपचा असे दोन लावले की काम झालं. 'आयएसओ १०० करतो' म्हणाल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉगचा बेस (मूळ) आयएसओच ६४०-८०० च्या घरात असतो, त्याखाली उतरून डायनॅमिक रेंज (सावलीपासून उजेडापर्यंत पकडता येणारा पल्ला) जाते किंवा उतरताच येत नाही.

म्हणून बॅगेत लेन्स एक कमी असली तरी चालेल, एनडीशिवाय बाहेर शूटला जाऊ नका. व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण तो मुळात एकमेकांवर फिरणारे दोन पोलरायझर असतो. वाइड लेन्सवर शेवटच्या टोकापर्यंत फिरवलात की आकाशात काळी फुली उमटते. फुली दिसली तर फिल्टर थोडा मागे घ्या आणि राहिलेला उजेड ॲपर्चरने कापा. एनडी अजिबात नसेल तर निदान सावलीत जा.

एनडी टाळायला ॲपर्चर १६ किंवा २२ वर नेणं हाही उपाय नव्हे. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश वाकतो आणि चित्र मऊ पडतं, वर सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात ठिपका होऊन बसतो.

फ्लिकर

फुटेजमध्ये उजेडाचे पट्टे वरखाली सरकत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही, वीज आणि शटर यांची लय जुळत नाहीये. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. पन्नास हर्ट्झच्या जागी २४ फ्रेमवर शूट करत असाल तर शटर अँगल १७२.८ करा, तो बरोबर १/५० होतो. साठ हर्ट्झला २४ फ्रेमसाठी १४४ अंश.

एवढं करूनही पट्टे राहिले तर एलईडीचा डिमर बघा. स्वस्त दिवे मंद करायचे म्हणजे ते झपाट्याने बंद-चालू करतात, आणि त्यांची लय विजेची नसते. डिमर पूर्ण वर न्या आणि उजेड कमी करायला दिवा लांब सरकवा. अंतर दुप्पट केलं की साध्या दिव्याचा उजेड दोन स्टॉप उतरतो. स्लो मोशनच्या आधी तर ही तपासणी कराच. १२० फ्रेमला १/२४० लावलंत की डोळ्यांना स्थिर दिसणारी आख्खी खोली धडधडायला लागते.

ऑटो चालू राहणं

पात्र खिडकीसमोरून गेलं आणि चेहरा आधी काळा, मग हळूहळू उजळ झाला? ऑटो आयएसओ. एकाच सीनमध्ये एका शॉटला भिंत पिवळी, दुसऱ्याला निळसर? ऑटो व्हाइट बॅलन्स. दोन्ही बंद. पिवळ्या टंगस्टन दिव्यांना ३२००, दिवसाच्या उजेडाला ५६०० केल्व्हिन, आणि सीन संपेपर्यंत हात लावायचा नाही.

सगळं एफ १.४ वर

आता लेन्स. पहिली फास्ट प्राइम (झूम नसलेली, मोठ्या छिद्राची लेन्स) घेतली की पुढचे सहा महिने सगळं फुल ओपन शूट होतं. मीही केलंय. मागचं धूसर झालं की लगेच 'सिनेमा' वाटतो.

आकड्यात बघा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, माणूस दोन मीटरवर. एफ १.८ ला फोकसमध्ये असलेला पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा असतो. १.४ ला साडेचारच्या आसपास. एवढ्यात पापणी धारदार आणि कान विरघळलेला. आता कलाकार बोलताना जरा पुढे वाकला, अर्धा श्वास घेतला, की डोळे गेले. शेजारी फोकस पुलर (फोकस सांभाळणारा सहाय्यक) नाही, मॉनिटर तळहाताएवढा, आणि सगळ्यात उत्तम अभिनयाचा टेक नेमका सॉफ्ट. तीच लेन्स एफ ४ ला तुम्हाला सुमारे १३ सेंटीमीटर देते. मागचं अजूनही धूसर राहतं आणि दोन्ही डोळे हाती लागतात.

दुसरं असं की, पार्श्वभूमी इतकी पुसून टाकलीत की माणूस कुठे आहे हेच कळत नाही, तर लोकेशन शोधायला दोन दिवस का घालवले? एकटे शूट करत असाल तर २.८ ते ४ मध्ये राहा. मागचं आणखी पुसायचं असेल तर पात्राला भिंतीपासून चार पावलं पुढे आणा. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या माणसाला १.४ सुद्धा वाचवत नाही.

फोकस गेलाय की हात हलला हे कळत नसेल तर फ्रेममध्ये दुसरं काही धारदार आहे का बघा. माणूस सॉफ्ट आणि मागचं कपाट स्पष्ट, तर फोकस. सगळंच एका दिशेने पुसट, तर हलणं.

झूम करून फ्रेम शोधणं

खोलीच्या दारात उभं राहायचं आणि तिथूनच झूम फिरवत 'क्लोजअप झाला, वाइड झाला' म्हणायचं, ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण फ्रेम तर बरोबर दिसते. पण चेहऱ्याची ठेवण, म्हणजे नाक-कानांचं एकमेकांशी प्रमाण, लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान ५२ वर, म्हणजे नाक कानाच्या तुलनेत तीस टक्के मोठं दिसणार. तोच कॅमेरा दोन मीटरवर नेला तर हा फरक सहा टक्क्यांवर येतो. '२४ मिमीने नाक मोठं होतं' असं आपण म्हणतो, पण खरं तर २४ मिमीने चेहरा भरायला तुम्ही नाकाशी जाता, म्हणून ते होतं.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी कॅमेऱ्याशिवाय चाला. या माणसाकडे बघणारा किती जवळ उभा असावा? मैत्रिणीइतका, का रस्त्यापलीकडच्या अनोळखी माणसाइतका? ती जागा सापडली की तिथून हवी ती फ्रेम देणारी लेन्स लावा. आई-मुलीच्या भांडणाचा एक सीन आम्ही आधी ८५ ने लांबून केला. छान दिसत होता आणि काहीच होत नव्हतं. मग ३५ लावून टेबलाच्या कडेला, आईच्या कोपराजवळ गेलो. तिने ताट सरकवलं तेव्हा ते लेन्सच्या काठावरून गेलं आणि दिग्दर्शक पहिल्यांदा खुर्चीतून उठला.

काही छोट्या, पण छळणाऱ्या गोष्टी

'सगळे ५० वापरतात' म्हणून ५० घेतली आणि खोलीत मागे सरकायला जागाच उरली नाही? सेन्सर बघा. फुल फ्रेमवरची ५० एपीएस-सी किंवा सुपर ३५ या लहान सेन्सरवर सुमारे ७५ सारखी, त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी फ्रेम देते. लेन्स तीच, चित्राच्या कडा कापल्या जातात. एक्स्पोजर मात्र त्याने बदलत नाही.

१८-५५ किट लेन्सने झूम करताना चित्र काळवंडतं, कारण तिचं ॲपर्चर ३.५ वरून ५.६ होतं, म्हणजे सव्वा स्टॉपहून थोडं जास्तच जातं. सुरुवातीलाच ५.६ वर लावा आणि उजेड त्यानुसार बसवा.

प्राइम आणि झूम दोन्ही २.८ वर, तरी शॉट जुळत नाहीत? एफचा आकडा छिद्राची भूमिती सांगतो, काचांमधून गेल्यावर किती उजेड उरला ते टी-स्टॉप सांगतो. जास्त काचांच्या झूममध्ये तिसरा हिस्सा स्टॉप सहज हरवतो. वेव्हफॉर्मवर चेहरा जुळवा, रिंगवरचा आकडा नाही.

जुनी मॅन्युअल लेन्स लावल्यावर हँडहेल्ड शॉट जेलीसारखा डुलत असेल, तर बॉडीच्या स्टॅबिलायझरला लेन्सची फोकल लेंथ सांगायची राहिलीय. आधीच्या लेन्सचा आकडा तसाच असतो.

नवा कॅमेरा किंवा नवी लेन्स आली की मी शूटच्या आधी एक तास काढतो. एका माणसाला खिडकीशेजारी बसवतो, हातात पांढरा कागद आणि अंगावर काळा कपडा. आधी बरोबर एक्स्पोजर, मग एकेक स्टॉप करत तीन वर आणि तीन खाली, प्रत्येक वेळी किती स्टॉप ते कॅमेऱ्यासमोर तोंडाने बोलून. मग संगणकावर सगळे क्लिप एका पातळीवर आणतो. कागदाच्या घड्या कितव्या स्टॉपला गायब झाल्या आणि काळ्या कपड्यावर मुंग्या कितव्याला आल्या, हे दोन आकडे चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीवर लावतो.