पक्षी टिपण्याआधी बसायला शिका

पहिलं वर्ष मी पक्ष्यांच्या मागे धावण्यात घालवलं. कॅमेऱ्याला लावायची ४०० एमएमची, म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी लेन्स हाती आल्यावर वाटलं होतं, आता पक्षी जवळ आलाच. कुठला येतोय! मी पाच पावलं पुढे, की तो पुढच्या झाडावर. घरी येऊन कार्ड उघडावं तर नुसत्या शेपट्या आणि रिकाम्या फांद्या.

फरक पडला तो पाय मुरगळल्यामुळे. चालवेना म्हणून कुंपणाशी बसले, तर समोरच्या तारेवर एक वेडा राघू, म्हणजे उडते किडे टिपणारा छोटा हिरवा पक्षी. झेप घेतली, हवेतच काहीतरी पकडलं, गिरकी घेऊन पुन्हा त्याच तारेवर. परत तेच, परत तेच. चार फेऱ्यांनंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला: याला शोधायचं कशाला, हा तर इथंच येणार आहे. तारेच्या त्या जागेवर फोकस लावून ठेवला. या खेपेला चोचीत मधमाशी होती. ती त्याने तारेवर आपटली, नांगी जाईपर्यंत घासली, आणि मगच हवेत जराशी उडवून गिळली. माझा पहिला धड फोटो तो, आणि तो बसल्या जागी मिळाला.

म्हणून नवीन कुणी कोणता कॅमेरा घेऊ असं विचारलं, की मी म्हणते आधी दुर्बीण घ्या. ८×४२ पुरे. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १२ पटीचा मोह टाळा. हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. सोबत एक वही. अनोळखी पक्षी दिसला की लगेच नाव शोधत बसू नका. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा ते लिहा. चोच, पाय, डोळ्यावरची पट्टी, शेपटी हलवायची लकब. नाव नंतर सापडतं. मर्लिनसारखं पक्षी ओळखणारं ॲप मदत करतं, पण त्याचा अंदाज हा अंदाजच समजा. आवाजांच्या नकला करणारा कोतवाल भल्याभल्यांना फसवतो, ॲपची काय कथा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगते. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाच्या आसपास, उडत्याला १/२००० किंवा त्याहून जलद शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. फोकस डोळ्यावर. आकाशापुढचा पक्षी काळाठिक्कर येतो, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे फोटोला दुप्पट प्रकाश द्या. गडद पाण्यावरचा बगळा उलट पांढराफटक होतो, तिथे कमी करा. आणि शक्य तिथे जमिनीवर पालथं पडा. कपड्यांची वाट लागते, पण पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवरून जग वेगळंच दिसतं.

वाऱ्याकडे मात्र बहुतेक नवशिके बघतच नाहीत. पक्षी शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतो. वारा तुमच्या पाठीवर असेल तर तो तुमच्या दिशेने झेपावण्याची शक्यता जास्त. उडण्याआधी बरेच पक्षी पुढे झुकतात, अंग आक्रसतात, कित्येकदा शिटतात. शिटला की बोट बटणावर हवं. ऐकायला विनोदी वाटेल, पण मला उड्डाणाचे निम्मे फोटो या एका खुणेने दिले आहेत.

आता एक चूक. भर उन्हात एक टिटवी माझ्याभोवती ओरडत घिरट्या घालत होती. इतक्या जवळून की मी खूश! अर्धा तास फोटो काढले. नंतर एका जुन्या पक्षिनिरीक्षकाने फोटो पाहून विचारलं, "अंडी कुठे होती?" माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते. उन्हात त्यांच्यावर सावली धरते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्यांना गारवा देते. त्या अर्ध्या तासात तिला ते करता आलं नाही, कारण मी तिथे होते.

तेव्हापासून घरट्याचे फोटो बंद, मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही बंद. पक्ष्याने चरणं थांबवून मान ताठ केली की मी जागीच थांबते. टिटवी ओरडायला लागली तर पायाखाली बघत, आल्या वाटेनेच मागे फिरते, आणि ती खाली उतरून पिसं फुलवून बसेपर्यंत मागे सरकत राहते.