सूत, एमएम आणि औंस: मापं मिसळताना या चुका टाळा

वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त माल वाया जातो तो ‘एक सूत म्हणजे तीन एमएम’ धरल्यामुळे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ एमएम, एका सुताला काही कळत नाही पण आठ सुतांचे होतात २४ आणि खरा इंच आहे २५.४. तसंच फूट म्हणजे ३०० एमएम धरून आठ फुटांची फ्रेम कापली की पट्टी ३८ एमएम आखूड, मग तोंड बघत बसा. ड्रॉइंग एमएममध्ये असेल तर टेपच्या इंचवाल्या बाजूकडे बघूच नका.

नट-बोल्टमध्ये प्रकरण जास्त वाईट, कारण तिथे चूक आधी बरोबरच वाटते. अडीच सुती बोल्ट ७.९४ एमएमचा, एम८ (मेट्रिक बोल्ट) आठ एमएमचा, डोळ्याला सारखेच. पण पहिल्याला (बीएसडब्ल्यू, म्हणजे जुना ब्रिटिश इंची आटा धरा) इंचाला १८ आटे म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.४१ एमएम, दुसऱ्याचा १.२५, त्यामुळे एक-दोन आटे हाताने जातात, मग जाम होतो आणि लोक पाना लावून जोर करतात की आटे मेलेच समजा. जोर लागतोय तिथे थांबा आणि पिच गेज (आटे जुळवून बघायच्या दातेरी पट्ट्या) लावा, अगदी स्वस्तात मिळतं ते. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पण दोन सुती, इंचाला २० आटेवाला असतो, तिथे एम६ आत जातो खरा पण पकड घेत नाही, महागाचा कॅमेरा त्याच्या भरवशावर लटकवू नका प्लीज.

डार्करूमवाल्यांनो, डेव्हलपरचा (फिल्म धुवायच्या रसायनाचा) जुना फॉर्म्युला हातात आला की आधी बघा तो अमेरिकेतला आहे की ब्रिटनमधला. औंसात फरक थोडाच, २९.५७ आणि २८.४१ मिली. पण अमेरिकन पिंट १६ औंसांचा, ब्रिटिश २० चा, म्हणजे ४७३ मिलीच्या जागी ५६८ मिली पाणी पडतं, डेव्हलपर पातळ होतो आणि निगेटिव्ह फिकट आली की दोष फिल्मला. गॅलनचंही तेच, ३.८ लिटर की ४.५ ते आधी ठरवा. पावडरीचा औंस मात्र वजनाचा, २८.३५ ग्रॅम, तो काट्यावरच मोजायचा, मेजरिंग सिलिंडरमध्ये नाही. १:१ सारखं प्रमाण दिलं असेल तर युनिटची भानगडच नाही.

डेव्हलपरच्या टेंपरेचरला ६८ फॅरनहाइट म्हणजे २० सेल्सिअस हे सगळ्यांना पाठ असतं, पण जुन्या चार्टमध्ये ‘दोन डिग्री वाढवा’ असेल तर ते फॅरनहाइटचे दोन, सेल्सिअसमध्ये जेमतेम १.१.