‘ऑलबीइट’ वापरताय? या चुका टाळा

औपचारिक इंग्रजी लिहिताना वजन आणायला म्हणून जे शब्द हमखास ओढून आणले जातात, त्यांत ‘ऑलबीइट’ (albeit) बराच वरचा. त्याचा अर्थ ‘जरी’ असा पाठ केलेला असतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. मराठीत त्याच्या जवळचा प्रयोग ‘का होईना’ हा आहे. ‘द पेमेंट केम, ऑलबीइट लेट’ म्हणजे ‘उशिरा का होईना, पैसे आले’.

हे जमतं कसं, ते व्युत्पत्तीत दिसतं. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजीत ‘ऑल’चा एक अर्थ ‘जरी’ असाही होता. ‘ऑल बी इट’ म्हणजे ‘असेना का तसं’. यातला ‘बी’ हा ‘सो बी इट’मधलाच. पुढे तिन्ही शब्द चिकटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जुनाट समजला जायचा, मग पुन्हा रुळला, आणि आता तर अहवालांत त्याचा सुळसुळाट आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आपल्या ‘जरी–तरी’च्या सवयीतून येते: ‘ऑलबीइट द रिपोर्ट वॉज लेट, बट इट वॉज युजफुल’. यातला ‘बट’ सरळ चूक. विरोध ‘ऑलबीइट’नेच दाखवून झालाय, तो दुसऱ्यांदा कशाला? शिवाय त्याच्यामागे कर्ता-क्रियापदासह अख्खं वाक्य जोडलंय. असं जोडणं अगदीच अशुद्ध नाही, १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही ते सापडतं. पण आजचा वाचक तिथे अडखळतो. आज त्याच्यामागे बहुधा एखादं विशेषण, क्रियाविशेषण किंवा छोटा शब्दसमूह येतो: ‘द रिपोर्ट, ऑलबीइट लेट, वॉज युजफुल’. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोच्या तोंडी शेवटच्या अंकात ‘ऑलबीइट अनयुज्ड टु द मेल्टिंग मूड’ असं येतं, तेही याच घडणीचं. अख्खं वाक्यच जोडायचं असेल, तर साधा ‘ऑल्दो’ घ्या.

दुसरी चूक नामाची. ‘ऑलबीइट द रेन, द मॅच कंटिन्यूड’ चालत नाही. तिथे ‘डिस्पाइट’, किंवा फारच औपचारिक व्हायचं असेल तर ‘नॉटविथस्टँडिंग’. पण ‘अ व्हिक्टरी, ऑलबीइट अ नॅरो वन’ हे बिनचूक आहे. मग फरक काय? ‘नॅरो वन’ म्हणजे तोच विजय, निसटता का होईना. पाऊस म्हणजे सामना नव्हे. नाम आधीच्या गोष्टीचंच वर्णन करत असेल, तरच ते इथे बसतं. ‘ऑलबीइट धिस’ म्हणून वाक्य सुरू करणारेही याच खड्ड्यात पडतात.

तिसरी चूक सहज नजरेतून निसटते, कारण व्याकरण ठीक असतं. ‘अ डीटेल्ड, ऑलबीइट ॲक्युरेट रिपोर्ट’: सविस्तर आणि अचूक यांत विरोध कुठे आहे? असं वाचलं की उगाच वाटतं, लेखकाच्या मते सविस्तर अहवाल सहसा चुकीचेच असतात. ‘का होईना’ लावून बघा: ‘अचूक का होईना, सविस्तर अहवाल’. कानालाच खटकतं.

उच्चार ‘ऑल-बी-इट’, जोर ‘बी’वर. जर्मन शब्द समजून ‘अल्बाइट’ म्हणणारे बरेच भेटतात. त्या उच्चाराच्या जवळचं ‘ॲल्बाइट’ नावाचं एक खनिज मात्र खरंच आहे. स्पेलिंगमध्ये ‘एल’ एकच, आणि ‘ई’ आधी, ‘आय’ नंतर, कारण ‘बी’ संपल्यावर ‘इट’ सुरू होतो. तीन सुटे शब्द लिहिणं एके काळी बरोबर होतं, आता चूक धरतात.

स्वल्पविराम बहुधा त्याच्या आधी येतो, लगेच नंतर नाही. एका पानावर तो दोनदा आला असेल, तर एका ठिकाणी ‘दो’ (though) करून टाका. रोजच्या ईमेलमध्ये तर दोन्हीकडे.