पाठलागाने त्रस्त झालेल्या व्यक्तीला साथ कशी द्यावी

फुले पाठवणे, बसथांब्यावर उभे राहणे, रात्री ‘जेवलीस का?’ असे विचारणे, यांतली कोणतीही गोष्ट सुटी पाहिली तर गुन्हा वाटत नाही. तीच गोष्ट स्पष्ट नकारानंतरही आठवड्यातून चार वेळा, महिनोन्महिने घडू लागली की तिला पाठलाग, म्हणजेच स्टॉकिंग, म्हणतात. जिच्यामागे कोणी लागलेले असते तिला घटनांची सगळी साखळी दिसत असते. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र शेवटची कडीच येते आणि ती क्षुल्लक वाटते. त्यामुळे मदत करणाऱ्याचे मुख्य काम म्हणजे ती साखळी इतरांना दिसेल अशी जपून ठेवणे.

कायद्यालाही हे उशिराच उमगले. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये रिबेका शेफर या अभिनेत्रीचा, तिच्या मागावर असलेल्या एका चाहत्याने तिच्या दारातच खून केला आणि पुढच्याच वर्षी त्या राज्यात पाठलागाविरुद्धचा अमेरिकेतला पहिला कायदा झाला. भारतात २०१३ मध्ये दंड संहितेत कलम ३५४-ड आले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दाखवूनही पुरुषाने तिच्याशी वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे, तसेच तिच्या इंटरनेट वा ईमेल वापरावर पाळत ठेवणे, हे त्यात गुन्हा ठरते. पाठलाग पुरुषांचाही होतो. हे कलम त्यांना लागू नसले तरी धमकीसारख्या इतर गुन्ह्यांची तक्रार त्यांना करता येते.

आधी ऐकून घ्यावे

‘दुर्लक्ष कर’, ‘नंबर बदलून टाक’, ‘तू त्याला काही आशा दाखवली होतीस का?’ ही तीन वाक्ये टाळावीत. शेवटचे वाक्य सर्वांत घातक, कारण ते ऐकल्यावर ती व्यक्ती पुन्हा कोणाला काही सांगेलच असे नाही. त्याऐवजी ‘हे केव्हापासून चालू आहे?’ असे विचारावे आणि उत्तर कितीही लांबले तरी मध्ये तोडू नये. पाठलाग करणारा बहुतेकदा ओळखीतलाच, पुष्कळदा पूर्वीचा जोडीदार असतो. त्यामुळे सांगणाऱ्याच्या मनात भीतीइतकाच संकोचही असतो.

नकार एकदाच द्यावा

सुरक्षित असेल तर नकार लेखी, छोटा आणि कारणांशिवाय असावा: ‘माझ्याशी कोणताही संपर्क ठेवू नका.’ त्यानंतर उत्तर देऊ नये, रागाचेसुद्धा नाही. एकोणपन्नास फोन न उचलता पन्नासावा उचलला, तर समोरचा एवढेच शिकतो की पन्नास फोन करावे लागतात.

नोंदवही लिहायला बसावे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. भेदरलेल्या माणसाला रोज लिहिणे जमत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा शेजारी बसून मित्राने किंवा बहिणीने ते लिहून घ्यावे. वार, तारीख, वेळ, ठिकाण, काय घडले, कोणी पाहिले आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढे पुरे. उदाहरणार्थ: ‘मंगळवार, सायंकाळी ७.१०. जिन्याखाली उभा होता. बोलला काही नाही, बघत राहिला. शेजारच्या काकूंनी पाहिले. मी भाजी न आणता परत वर आले.’ भाजीचा उल्लेख फालतू वाटेल. पण या छळामुळे रोजचे जगणे कसे आक्रसत गेले, हे पुढे वाचणाऱ्याला त्यावरूनच कळते.

संदेश पुसू नयेत. पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून त्यांची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे ठेवावी. ब्लॉक करायचे असेल तर आधी हे सगळे जतन करावे.

फोन आणि खाती

ज्या फोनवर पाळत असल्याचा संशय आहे त्यावरून पासवर्ड बदलू नयेत. विश्वासातल्या व्यक्तीचा फोन वापरावा. खाते आणखी कोणत्या उपकरणांवर उघडे आहे आणि आपले लोकेशन कोणाला दिसते, हे पाहावे. बॅगेत किंवा गाडीत लपवलेला ट्रॅकर आपल्यासोबत फिरत असेल तर तसा इशारा देण्याची सोय ॲपल आणि गूगल यांनी मे २०२४ मध्ये दोघांच्याही फोनवर आणली. ट्रॅकर सापडला तर तो रागाने फेकून देऊ नये. फोटो काढावा आणि तो कुठे, केव्हा सापडला ते वहीत लिहून पोलिसांना दाखवावे.

मध्यस्थी करू नये

‘मी त्याला एकदा समजावतो’ हे वाक्य सद्‌हेतूने उच्चारले जाते आणि बहुधा अंगलट येते. निरोप नेणे हाही संपर्कच आहे. दमदाटी केली तर तक्रार उलट मदत करणाऱ्यावरच होऊ शकते. त्यापेक्षा इमारतीचा रखवालदार, कार्यालयातील स्वागतकक्ष आणि मुलांची शाळा यांना, त्रस्त व्यक्तीच्या संमतीने, कल्पना द्यावी. कारण ‘तिचा जुना मित्र आहे, नवा पत्ता हवा होता’ असे गोड बोलूनच माहिती काढली जाते.

पोलिसांकडे सोबत जावे

नोंदवहीच्या दोन प्रती न्याव्यात आणि तक्रारीची पोच मागावी. ठार मारण्याची किंवा आत्महत्येची धमकी, घरात शिरण्याचा प्रयत्न, शस्त्राचा उल्लेख किंवा एकाएकी वाढलेला जोर दिसला, तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नये. तातडीच्या मदतीसाठी भारतात आणि युरोपीय संघातील देशांतही ११२ हाच क्रमांक आहे.

जागृती करताना

अमेरिकेत जानेवारी महिना या विषयासाठी राखलेला आहे, पण सोसायटीच्या किंवा महाविद्यालयाच्या बैठकीला मुहूर्त लागत नाही. सुरुवात भाषेपासून करावी. ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्द बातमीत आला की छळ करणारा प्रेमी ठरतो आणि नकार देणारी निष्ठुर. तिथे ‘पाठलाग’ म्हणावे. ओळखीच्या कोणाची हकिकत, नाव वगळूनसुद्धा, सांगू नये, कारण छोट्या वर्तुळात ओळख पटायला वेळ लागत नाही. वर दिली तशी काल्पनिक नोंदींची दोन पाने वाचून दाखवावीत आणि कोणत्या तारखेला मदत मागायला हवी होती, हे श्रोत्यांनाच विचारावे.

त्रास थांबल्यासारखा वाटला तरी विचारपूस थांबवू नये. काही महिन्यांच्या शांततेनंतर, वाढदिवसाला किंवा न्यायालयातील तारखेच्या आसपास, पहिला संदेश पुन्हा येऊ शकतो. तो आला तर नवी वही आणू नये, जुन्याच वहीत पुढची तारीख टाकावी.