ताप दोन आठवड्यांवर गेला, की आधी गाव विचारा

कुंडईच्या वसाहतीतल्या आणि आसपासच्या बांधकामांवरच्या कामगारांची पोरं माझ्या फोंड्याच्या दवाखान्यात येतात. काळा आजार, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या परजीवीचा कालाजार, बिहार-झारखंडचा, गोव्यात कुठून येणार, असं नवे डॉक्टर मला सांगतात. वास्को-पाटणा गाडीने येतो, असं मी त्यांना सांगते.

पोराला ताप आला की आपण मलेरिया, डेंगी, टायफॉइड असा पाढा म्हणतो. त्याला हरकत नाही, मलेरिया आधी बघायलाच हवा. पण ताप दोन आठवडे ओलांडूनही हटत नसेल, तर अँटिबायोटिकची पुढची बाटली लिहिण्याआधी दोन कामं करा.

पहिलं, गाव विचारा. ‘बिहार’ एवढ्यावर भागत नाही, जिल्हा हवा: सारण, सिवान, मुझफ्फरपूर, पूर्णिया, अररिया, झारखंडातले दुमका, गोड्डा, पाकूड, साहिबगंज. मग विचारा, ‘छठ को गाँव गए थे?’ वाळूमाशी चावल्यावर आजार दिसायला साधारण दोन ते सहा महिने लागतात, कधी त्याहून जास्त. छठला, म्हणजे दिवाळीनंतरच्या बिहारी सणाला, गावी चावली असेल, तर ताप शिगम्याच्या सुमारास येतो आणि तोवर गावची फेरी आई विसरलेली असते. घरात डास होते का, हा प्रश्न फुकट. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, गुणगुणतही नाही. मातीच्या भिंतींच्या भेगांत नि गोठ्यात बसते. तेव्हा घर कच्चं आहे का, गुरं आहेत का, घरात कुणाला कालाजार झाला होता का, हे विचारा.

दुसरं, पोटाला हात लावा. या आजारात डाव्या बरगडीखालची प्लीहा वाढते. पोराला उताणं झोपवा, गुडघे दुमडून घ्या, हात ऊबदार करा. सुरुवात डाव्या बरगडीखालून करू नका. प्लीहा फार वाढलेली असेल तर तुमची बोटं थेट तिच्यावरच पडतात आणि कडा हाताला लागतच नाही. बेंबीच्या खाली उजवीकडून निघा, पोर श्वास घेईल तसं डाव्या बरगडीकडे सरका. काळ्या आजारात प्लीहा घट्ट लागते, सहसा दुखत नाही. बरगडीपासून टोकापर्यंत टेपने मोजा, सेंटिमीटर लिहून ठेवा. उपचारानंतर हाच आकडा कामाला येतो. हातपाय काटकुळे, पोट पुढे, चेहरा फिका, आणि तरी पोर बऱ्यापैकी जेवतं, असं दिसलं तर संशय पक्का धरा.

यापुढे आरके-39 ची पट्टी, म्हणजे कालाजारची झटपट रक्तचाचणी. बोटातून एक थेंब रक्त, दहा मिनिटांत उत्तर. मात्र पूर्वी कालाजार होऊन गेला असेल तर पट्टी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. तिथे हाडातली मज्जा तपासावी लागते. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही उतरलेल्या पाहून ल्युकेमियाची शंका येते. ती येऊ द्या, पण मज्जा काढण्याआधी स्टिरॉइड देऊ नका आणि पॅथॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ‘एलडी बॉडी (म्हणजे कालाजारचा परजीवी) बघा’ असं स्पष्ट लिहा.

उपचार दवाखान्यात करायचा नाही. पोराला बांबोळीला गोवा मेडिकलला पाठवा, आरोग्य खात्याला कळवा. तिथे लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेलं) अँफोटेरिसिन-बी शिरेतून, किलोमागे 10 मिलिग्रॅम, एकदाच. बारा किलोच्या पोराला 120 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या तीन कुप्या फोडायच्या. ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, सलाइनमध्ये कधीच नाही, आणि साधारण दोन तासांत सोडतात. वॉर्डातल्या सिस्टरना एक गोष्ट ओरडून सांगते: साध्या अँफोटेरिसिनची कुपीही 50 चीच असते, पण ते औषध किलोमागे 10 मिलिग्रॅम गेलं तर पोर दगावतं. लेबलवर ‘लायपोसोमल’ हा शब्द दोघींनी वाचल्याशिवाय सुई टोचू नये. आधी आणि नंतर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), पोटॅशियम बघा. जुन्या पुस्तकांतली अँटिमनीची इंजेक्शनं विसरा, बिहारमधल्या परजीवीवर ती कधीच निकामी झाली.

ताप सहसा आठवड्याच्या आत उतरतो. प्लीहा सावकाश, महिनोन्महिने ओसरते. सहा महिन्यांनी पोर धडधाकट असेल तरच बरं झालं म्हणायचं. पुढे काही महिन्यांनी-वर्षांनी तोंडावर, अंगावर फिके डाग किंवा गाठी उठू शकतात. कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू करण्याआधी डागावर कापूस फिरवा: कालाजारनंतरच्या डागांत स्पर्श कळतो. त्यांचा उपचार वेगळा आणि लांबलचक. शिवाय त्या डागांतून वाळूमाशी पुन्हा परजीवी उचलते, म्हणून ‘डागच तर आहेत’ म्हणून सोडू नका.

पोर घरी जाताना आईच्या हातात हिंदीत लिहिलेला कागद द्या: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला, प्लीहा किती सेंटिमीटर. सहा महिन्यांनी हे बिऱ्हाड कुंडईत असेल की सिवानला, ते ठेकेदारालाही ठाऊक नसतं.