कातळावर जॅक लावताना

आमची आंब्याची कलमं देवगडजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत. तिथवर डांबर जात नाही, म्हणून फोर बाय फोर पिकअप ठेवली आहे आणि ती बहुतेक मीच चालवते. जांभ्याच्या, म्हणजे इथल्या लाल दगडाच्या धारेने टायरची बाजू फाटणं इथलं नेहमीचंच. गॅरेजवाला सड्यावर येईपर्यंत अंधार पडतो, तेव्हा गाडीची चावी ज्याच्या हातात, त्याला चाक बदलता आलंच पाहिजे.

आधी जागा बघा. उतारावर असाल तर बसलेल्या चाकावरच माणसाच्या चालीने सपाटीपर्यंत गाडी न्या. टायर वाया गेला तरी चालेल. करूळ किंवा भुईबावडा घाटात वळणावर कधीच थांबू नका. पुढे रुंद जागा गाठा आणि इशाऱ्याचा लाल त्रिकोण बराच मागे, येणाऱ्याला वळणाआधी दिसेल असा ठेवा. माणसं खाली उतरवा आणि मालही. रिकामी गाडीच दोन टनांच्या घरात असते, त्यावर पाच डझनी चाळीस पेट्या म्हणजे आणखी सहाशे किलोंच्या वर.

आता गाडी जागची हलू नये याची सोय. हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवली की झालं, असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या दोन चाकांवरच असतो. मागचं एक चाक उचललंत की ब्रेक धरायला एकच चाक उरतं, आणि गाडी टू-व्हीलमध्ये, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना जाईल अशी असेल तर गिअरचा उपयोग संपतो, कारण डिफरन्शियलमुळे (दोन चाकांत जोर वाटणारी एक्सलमधली गिअरपेटी) हवेतलं चाक मोकळं फिरतं. म्हणून फोर-लो, म्हणजे चारही चाकं जोडणारा सावकाश गिअर टाका, मग पुढची चाकंही गाडी धरतात. बटणाने फोर-लो पडत असेल तर इंजिन बंद करण्याआधीच टाका. ट्रान्स्फरचा, म्हणजे टू-व्हील आणि फोर-लो बदलायचा दांडा न्यूट्रलवर राहिला तर पहिला गिअर असूनही गाडी घरंगळते. दांडा हाताने हलवून खात्री करा. शिवाय उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. इथे चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा चालतो.

चिरा चालतो तो एवढ्यापुरताच. आपल्याकडे घर चिऱ्याचं, गडगा चिऱ्याचा, त्यामुळे गाडीखालीही चिरा सरकवायची सवय आहे. तसं करू नका. भिंतीत चिऱ्यावर वजन सगळीकडून सारखं पडतं. गाडीचा भार चासीच्या एका अरुंद कडेवरून येतो आणि जांभा वाकत नाही, एकदम फुटतो. जॅकच्या बुडाखालच्या कातळाचंही तसंच. वरून टणक दिसतो, आत भोकं असतात. जॅक चढवताना बुडाच्या कडेला लाल भुकटी पडायला लागली, बारीक करकर ऐकू आली, की तिथेच थांबा आणि सावकाश उतरवा. पुढच्या दोन दाबांत कोपरा ढासळतो आणि जॅक तिरका होतो.

यावर उपाय जॅकखाली फळी घालायचा. मी फणसाची दीड इंच जाड, हातभर लांब-रुंद फळी सीटमागे कायम ठेवते. पावसात कातळावर शेवाळ धरतं, ते आधी कोयत्याने खरवडायचं, नाहीतर फळीच सरकते. पाणंदीतल्या लाल चिखलात वरचा थर काढून घट्ट माती लागेपर्यंत खणायचं. वाळूतही फळीशिवाय जॅक नुसता रुतत जातो. पण किनाऱ्यावर गाडी घालूच नका, भरतीला वेळ लागत नाही, आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी त्या वाळूत कासवांची अंडी असतात.

जॅक चढवण्याआधी दोन कामं. स्टेपनी मागे चासीखाली टांगलेली असेल तर ती आत्ताच खाली सोडा. गाडी उचलल्यावर तिच्याखाली हात घालायची वेळ येता कामा नये. आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. खाऱ्या हवेने नट इतके धरतात की पान्यावर पाईप चढवून अंगाचा भार द्यावा लागतो. तेवढा जोर जॅकवरच्या गाडीला लावलात तर ती पडेल.

जॅक नेमका कुठे लावायचा? मागे कमानपाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि दोन्ही चाकांना जोडणारा सरळ एक्सल असेल तर एक्सलच्या नळीखाली, पाट्याजवळ, चाकाच्या शक्य तितकं लगत. चासीखाली लावलात तर चासी वर जाते आणि चाक पाट्यासकट खाली लोंबत राहतं. टायर जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी भलतीच उंच होते आणि डुलायला लागते. एक्सलखाली लावला की थोड्याच उंचीत चाक मोकळं होतं. मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली मात्र लावू नका, गाडी दोन्ही बाजूंना कलू शकते. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनची, म्हणजे एकेक वेगळं वरखाली होणारी असतील तर पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. टायर बसलेला असताना आपला बाटली जॅक एक्सलखाली मावतो का, हे घरी अंगणात तपासून ठेवा. हाय-लिफ्ट जॅक (उंच दांड्याचा, बंपरखाली लावायचा) पोलादी बंपर नसेल तर काढूच नका, आणि असला तरी दांड्याच्या वाटेत तोंड आणू नका. गाडी खाली घेताना तो दांडा उसळून जबडा फोडू शकतो.

गाडी थोडी उचलली की स्टेपनी आडवी करून, चाकालगत चासीखाली सरकवा. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकते. काढलेलं चाक मग तिच्या जागी टाका आणि स्टेपनी बाहेर घ्या.

नट काढूनही चाक हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) चिकटून राहिलं तर लाथ मारू नका. नट हातानेच सैलसर परत लावा, गाडी खाली घ्या, वीतभर पुढेमागे करा, चाक सुटतं. मग दगड परत लावून पुन्हा उचला. पावसाळ्याआधी चाकं एकदा उतरवून हबच्या तोंडावर ग्रीसचा पातळ हात फिरवला तर ही वेळ येत नाही. नटांच्या आट्यांना मात्र ग्रीस नको.

नवीन चाक बसवून नट हाताने लावा, टायर जेमतेम टेकेपर्यंत गाडी उतरवा, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. स्टेपनीत हवा बहुधा कमी असते, ती पहिल्या पंपावर भरा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळा. आमच्या वाटेवर एखादा तरी नट अर्धा फेरा फिरतोच.