विज्ञान विभाग महिला संशोधकांसाठी सुरक्षित कसा करावा

विज्ञान शाखेत शिकणाऱ्यांमध्ये आज मुली निम्म्याहून किंचित अधिक आहेत. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात त्यांचे प्रमाण ५२ टक्के होते. मात्र देशात संशोधन आणि विकासाचे प्रत्यक्ष काम करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये महिलांचा वाटा पाचव्या हिश्श्यालाही पोहोचत नाही. एम.एस्सी. आणि कायम नोकरी यांच्या मधल्या वर्षांत या मुली कुठे जातात, हा प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतःला विचारायला हवा. लग्न, मूल, घर ही उत्तरे तयार असतात आणि ती अंशतः खरीही असतात. पण विभागाच्या हातात जे आहे त्याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. याच वर्षांत संशोधक महिलेचे जवळजवळ सगळे काम एका व्यक्तीच्या, म्हणजे तिच्या संशोधन मार्गदर्शकाच्या (गाईडच्या), मर्जीवर अवलंबून असते. म्हणून सुधारणेची सुरुवात तिथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. ८ मार्चचे सत्कार आणि व्याख्याने त्यानंतर.

सह्यांची यादी करा

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचे वर्षभराचे कागद एकदा टेबलावर मांडून पाहावेत. फेलोशिपचा हजेरीपट, घरभाडे भत्त्याचा अर्ज, रसायनांची मागणी, परिषदेला जाण्याची परवानगी, सहामाही प्रगती अहवाल, वसतिगृहाची मुदतवाढ, शेवटी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश: यांतील बहुतेक कागदांवर गाईडची सही लागते. गाईड सज्जन असेल तर ही केवळ कार्यालयीन बाब राहते. तो तसा नसेल तर रखडलेली प्रत्येक सही हे दबावाचे साधन होते आणि पुढे शिफारसपत्रही त्याच्याकडूनच घ्यायचे असल्याने विद्यार्थिनी बोलत नाही.

विभागप्रमुखांनी अशा सर्व सह्यांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे मुदत व पर्याय लिहावा. हजेरीपटावर सात दिवसांत सही झाली नाही, तर विभागप्रमुख ती करतील, असा साधा नियम विभागीय बैठकीत मंजूर करून घेता येतो. नोंदणीच्या वेळीच सहमार्गदर्शक किंवा दुसरा सल्लागार नेमावा, म्हणजे शिफारसपत्र देऊ शकणारी आणखी एक व्यक्ती तिच्या कामाशी पहिल्यापासून परिचित राहते. गाईड बदलण्याची पद्धत लेखी असावी आणि प्रवेशाच्या दिवशीच सर्वांना द्यावी. ती शोधण्यासाठी कार्यालयात विचारणा करावी लागली, तर बातमी गाईडपर्यंत त्याच दिवशी पोहोचते. शोधनिबंधावर कोणाची नावे कोणत्या क्रमाने येतील, हे प्रकल्प सुरू होतानाच लिहून ठेवावे आणि काम बदलले की पुन्हा पाहावे.

विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणाऱ्या संशोधन सल्लागार समितीची सहामाही बैठक हे यातले सर्वांत उपयोगी पण सर्वांत वाया जाणारे साधन आहे. सादरीकरण झाले की गाईडने दहा मिनिटे बाहेर जावे आणि उरलेल्या सदस्यांनी विद्यार्थिनीशी बोलावे. हे प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत, मुलगा असो वा मुलगी, न चुकता व्हायला हवे. निवडक वेळी केले तर तेच तक्रारीचे चिन्ह ठरते. या दहा मिनिटांत काय विचारले जाते, यालाही महत्त्व आहे. “तुला काही त्रास आहे का?” या प्रश्नाला “नाही सर” हेच उत्तर येते. “मागच्या सहा महिन्यांत काम कुठे अडले? गाईडची भेट किती दिवसांनी होते? मसुदा परत यायला किती वेळ लागला?” असे विचारले की तारखा बाहेर येतात आणि तारखांवरून पुष्कळ कळते.

तक्रार समिती: कागदावरची आणि कामाची

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनी अंतर्गत तक्रार समितीची रचना ठरवून दिली आहे. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, बाहेरच्या संस्थेतील एक सदस्य, आणि प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर पदवी, पदव्युत्तर व संशोधन स्तरावरून निवडून आलेले तीन विद्यार्थी. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना या समितीत बसता येत नाही. ही तरतूद अत्यंत शहाणपणाची आहे, आणि आपल्या समितीत ती पाळली गेली आहे का, हे सदस्यांची यादी हातात घेऊन तपासावे.

मुदती प्रत्येक संशोधक विद्यार्थिनीला माहीत असाव्यात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्या व्यक्तीला जाते, तिला उत्तरासाठी दहा दिवस मिळतात आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. या काळासाठीची अंतरिम सोय फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तक्रारदाराच्या कामाचे वा परीक्षेचे मूल्यमापन करण्यापासून समितीच्या शिफारशीवरून रोखता येते. सह्यांची पर्यायी व्यवस्था आधीच तयार असेल, तर हा आदेश दुसऱ्या दिवशी अमलात येतो. ती नसेल, तर तक्रारदाराचीच फेलोशिप थांबते, आणि हे पाहणाऱ्या बाकीच्या मुली त्यातून काय शिकायचे ते शिकतात.

चौकशी घाईने उरकू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शिस्तभंगाची कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले, कारण बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती. मूळ चौकशी २००९ सालातली होती. इतक्या वर्षांनी फेरचौकशी होण्यात ना तक्रार करणाऱ्यांचे हित आहे, ना ज्याच्यावर आरोप आहे त्याचे. म्हणून समितीच्या सदस्यांना दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहावे, आणि दोन्ही बाजूंना कागदपत्रे देऊन पोच घ्यावी.

विभागात कोणी विश्वासाने काही सांगितले, तर ऐकणाऱ्याने आधी पूर्ण ऐकून घ्यावे. “ते सर तसे नाहीत” हे वाक्य कटाक्षाने टाळावे. तारीख, जागा, संदेश जपून ठेवायला सांगावे, समितीचा मार्ग दाखवावा, मात्र जायचे की नाही हा निर्णय तिचाच असू द्यावा. समेटाचा मार्ग कायद्यात आहे, पण तो केवळ तिच्या विनंतीवरून आणि चौकशी सुरू होण्यापूर्वी. विभागप्रमुखांनी चहाला बोलावून “मिटवून टाका” म्हणणे हा समेट होत नाही. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायदा स्पष्ट सांगतो. नावे गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, आणि शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांना ते लागू होते.

प्रयोगशाळा, क्षेत्रभेट, बाळंतपण

रात्री प्रयोग चालतो तिथे मुलींना “सातच्या आत घरी” पाठवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. त्याने त्यांचे काम तेवढे कमी होते. जिना आणि वाहनतळ यांवर दिवे, दोघांनी मिळून काम करण्याची पद्धत, वसतिगृहापर्यंत वाहन, आणि वसतिगृहाच्या वेळा प्रयोगशाळेच्या वेळांशी जुळणाऱ्या असाव्यात. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर कुलूप नसलेले, पाणी असलेले स्वच्छतागृह हवे. भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या क्षेत्रभेटीत मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण मार्गात थांबायची सोय कोणी विचारात घेतलेली नसते. सह्याद्रीच्या उन्हात हे धोक्याचे आहे. मुक्काम आणि थांबे आधी ठरवून सर्वांना लेखी कळवावेत.

गर्भावस्थेबाबत एक गोष्ट आवर्जून करावी. डायमिथाइल फॉर्मामाइडसारखी काही द्रावके गर्भाला घातक असतात. अशा रसायनांची यादी आणि पर्याय प्रत्येक प्रयोगशाळेत भिंतीवर लावलेले असावेत, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा ती कोणालाच सांगू इच्छित नसते, तेव्हाही तिला स्वतःला जपता येते. पीएच.डी.च्या २०२२ च्या विनियमांनुसार संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, महिलांना प्रबंधासाठी दोन वर्षे जास्त मिळू शकतात, आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलले तर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याचीही सोय आहे. हे विद्यार्थिनीने शोधून काढावे अशी अपेक्षा न ठेवता कार्यालयाने अर्जाचे नमुने तयार ठेवावेत. खंडानंतर परतणाऱ्यांना केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या महिलांसाठीच्या ‘वाइज’ फेलोशिपची माहितीही द्यावी.

निवड करताना

कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री असल्यामुळे प्रवेश नाकारला गेला होता; त्यांनी हट्ट सोडला नाही तेव्हा पहिले वर्ष अटी घालून प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. आजच्या अटी कोणी उच्चारत नाही, पण “लग्नानंतर काय करणार?”, “मिस्टर कुठे असतात?” या प्रश्नांत त्या दडलेल्या असतात. मुलाखतीपूर्वी सर्व उमेदवारांसाठी समान प्रश्न आणि गुणांकनाचे निकष लिहून ठेवावेत, आणि असा प्रश्न कोणी विचारलाच तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे तो थांबवावा. खंड पडलेल्या उमेदवाराच्या कामाचे मोजमाप प्रत्यक्ष कामाच्या वर्षांवरून करावे. दलित, आदिवासी, भटक्या समाजातील, ग्रामीण भागातून आलेल्या किंवा अपंग विद्यार्थिनीच्या वाट्याला यातल्या अडचणी दुहेरी येतात. तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा उल्लेख आयोगाच्या विनियमांतही आहे. त्यांच्यापर्यंत ही माहिती सोप्या मराठीत आणि छापील स्वरूपात पोहोचवावी.

दरवर्षी जूनमध्ये विभागाने चार आकडे बैठकीपुढे ठेवावेत: किती महिलांनी नोंदणी केली, किती सोडून गेल्या, किती जणींनी गाईड बदलला, आणि प्रबंध सादर व्हायला मुलांच्या तुलनेत किती वेळ लागला. सोडून गेलेल्या प्रत्येकीला विभागाबाहेरच्या व्यक्तीने दूरध्वनी करून कारण विचारावे, नाव वगळून ते नोंदवावे, आणि पुढच्या जूनमध्ये त्यावर काय केले याचे उत्तर विभागप्रमुखांनी द्यावे.